सोसायटीचा कारभार नव्या हातात देताना

बर्नाबी, कॅनडा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा आईनं फोनवर सांगितलं की सोसायटीचा कारभार बघणारी एजन्सी बदलायचं सभेत ठरलं आणि तेव्हापासून बाबांची झोप उडाली आहे. जिन्यात भेटेल तो बाबांनाच विचारतो, आता मेंटेनन्स कुणाकडे भरायचा, जुने लोक हिशेब देतील ना, आमच्या पैशांचं काय. बाबा, तुम्ही सेक्रेटरी आहात, पण अख्ख्या इमारतीची काळजी एकट्यानं उशाशी घेऊन झोपायचं काही कारण नाही. मी इथं रोज हेच काम करते, म्हणून फोनवर तुटक बोलण्यापेक्षा सविस्तर लिहायला बसले.

इथं अशा इमारतीला स्ट्रॅटा म्हणतात. फ्लॅट ज्याचा त्याचा. गच्ची, जिना, लिफ्ट सगळ्यांची. ब्रिटिश कोलंबियात याचा कायदा १९६६ पासून आहे. घरमालक आपल्यातूनच कमिटी निवडतात आणि कमिटी कारभारासाठी आमच्यासारखी कंपनी नेमते. कंपनी नको झाली की तीन-चतुर्थांश मतांनी ठराव करून दोन महिन्यांची नोटीस द्यायची. करार संपला की चार आठवड्यांत जुन्या कंपनीनं सगळं दप्तर परत करायचं, असं कायद्यातच लिहिलंय. त्या अदलाबदलीत घरमालकांच्या पाठीशी उभं राहायचं, हे माझं काम. तुमची सोसायटी १९६० च्या सहकारी कायद्याखालची. नोटीस किती, कागद कधी परत, हे तुमच्या करारात काय लिहिलंय त्यावर ठरणार. तेव्हा जुना करार आधी कपाटातून काढा आणि ओळ न् ओळ वाचा.

कागदांचं मी एवढं का लावून धरते, ते तुम्हा दोघांना वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातलं आपलं तळमजल्यावरचं ऑफिस पाण्यात होतं. सभासदांच्या ‘आय’ (I) रजिस्टरची फुगलेली पानं आईनं वर्तमानपत्राचे कागद मधे घालून पंख्याखाली वाळवली. काही नावांची शाई पसरली ती पसरलीच. ते रजिस्टर म्हणजे सभासद कोण याचा पुरावा आहे. ते रजिस्टर, ‘जे’ (J) फॉर्ममधली सभासदांची यादी, शेअर सर्टिफिकेटची स्थळप्रत, नॉमिनेशनची नोंद, सभांचं इतिवृत्त, ऑडिट रिपोर्ट, लिफ्टची कागदपत्रं, हे सगळं सोसायटीचं आहे. एजन्सीच्या ताब्यात होतं म्हणून ते एजन्सीचं होत नाही. जुने लोक ‘देतो, देतो’ म्हणत दिवस ढकलताहेत असं आई म्हणाली. असं इथंही होतं. त्यांचं शेवटचं बिल चुकतं करण्याआधी टेबलावर एकेक वस्तू मांडून यादी करा, दोघांच्या सह्या घ्या, आणि मगच चेक द्या. भांडू नका. यादी समोर ठेवली की माणसं आपोआप सरळ बोलायला लागतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. नॉमिनेशनची पानं मात्र त्याच दिवशी मोबाइलवर स्कॅन करा. आपल्या इमारतीत किती जण सत्तरीच्या पुढचे आहेत, तुम्हीच बघा. त्यांच्या पश्चात मुलांना त्या एका पानासाठी हेलपाटे पडू नयेत.

आता पैसा. इथं आमच्या कंपनीला परवाना लागतो आणि इमारतीचा पैसा आम्हाला वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवावा लागतो. तुम्ही याहून सोपं करा. खातं सोसायटीच्याच नावावर राहू द्या आणि चेकवर सह्या कमिटीच्याच. एजन्सीनं बिलं काढावीत, वसुलीचा पाठपुरावा करावा, व्हाउचर लिहावीत. पैशाला हात लावू नये. नवे लोक ‘सगळं आमच्या खात्यातून फिरवू, सोपं पडेल’ म्हणाले तर स्पष्ट नाही म्हणा. याचा आणखी एक मोठा फायदा आहे. खातं बदलणारच नसेल, तर ‘मेंटेनन्स आता या नव्या नंबरवर पाठवा’ असा मेसेज ज्याला येईल त्याला तो चोराचा आहे हे लगेच कळेल. एजन्सी बदलल्याची बातमी बाहेर फुटली की असे मेसेज यायचे. नोटीस बोर्डावर ठळक अक्षरात लावा: खातं तेच आहे.

नव्या एजन्सीचं पहिलं बिल तुम्ही स्वतः तपासा. पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये सगळंच चौरस फुटांवर टाकून मोकळे होतात. आपल्या उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, लिफ्टचा खर्चही सारखा, पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. पहिलंच बिल चुकलं तर लोकांचा विश्वास उडेल आणि बोलणी तुम्हाला बसतील. सिंकिंग फंडाच्या एफडीच्या पावत्या कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. हिशेब महिनाअखेरीला तोडा, त्या तारखेचं बँकेचं स्टेटमेंट आणि थकबाकीची यादी दोन्ही एजन्सींकडून सही करून घ्या.

पण खरं काम माणसांचं असतं. इथल्या एका इमारतीत एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. कंपनी बदलल्यावरही त्या जुन्याच नावानं चेक लिहीत राहिल्या. चेक परत आले, वर दंडाचं पत्र गेलं. मी भेटायला गेले तेव्हा ते पत्र त्यांनी चष्म्याच्या डबीखाली घडी करून ठेवलं होतं, आणि दार उघडताच त्यांनी पहिलं विचारलं, मला घर सोडावं लागेल का? दंड माफ करून घेतला, बँकेचा फॉर्म त्यांच्याबरोबर बसून भरला. तेव्हापासून मी पत्रावर विसंबत नाही, दारात जाते.

म्हणून आई, हे काम तुझं. पहिल्या मजल्यावरच्या काकू आणि समोरचे निवृत्त गुरुजी ॲप बघणार नाहीत. त्यांच्याकडे जा, चहा घे आणि सांग की पैसे पूर्वीसारखेच भरायचे, पावती कागदाचीच मिळेल. बाबा, पहिली तिमाही उशिरावर व्याज लावायचं नाही असा ठराव कमिटीत आधीच करून घ्या, म्हणजे आईला ते छातीठोकपणे सांगता येईल.

नव्या कराराचा मसुदा आला की सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा. मी वाचेपर्यंत सही करू नका. इथं रात्र असली तरी फोन करा.

तुमची,
लेक

ता. क. लिफ्टचा देखभाल करार कधी संपतो ते बघून ठेवा. एजन्सी बदलताना हीच तारीख हमखास निसटते, आणि बाबांच्या गुडघ्यांना चार जिने झेपायचे नाहीत.