बांबूच्या कारागिरांना यंत्र नको, हौद आणि खेळते भांडवल हवे

संपादक महोदय,

२०२२ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हाला गुजरातेत जाऊ द्या’ असे निवेदन दिले, तेव्हा रस्ते, पाणी आणि दवाखान्यांवर बरेच बोलले गेले. गावात राहून हाताला काम मिळेल का, हा प्रश्न मागेच राहिला. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वरचा हरसूल भाग येथे सूप, टोपली, डालगे, कणगी विणणारी कुटुंबे आजही आहेत. त्यांच्या नावाने सरकारी पैसा येतो, पण काम जिथे अडते तिथे तो पोहोचत नाही. त्यासाठी हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. केंद्राचा सीमाक्षेत्र विकास कार्यक्रम १९८६-८७ मध्ये सुरू झाला, पण तो फक्त आंतरराष्ट्रीय सीमेसाठी आहे. दोन राज्यांच्या सीमेवरील तालुक्यांना त्यातून काही मिळत नाही, त्यामुळे त्याची मागणी करत बसण्यात अर्थ नाही. आपल्या उपयोगाचे मार्ग तीनच आहेत: आदिवासी उपयोजना (आदिवासींसाठी राखलेला सरकारी निधी), त्यातला पेसा (अनुसूचित क्षेत्रातील) ग्रामपंचायतींना थेट मिळणारा पाच टक्के अबंध निधी आणि पारंपरिक कारागिरांसाठीची केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना.

विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत टोपल्या-चटया-झाडू करणारे येतात. अवजारांसाठी १५ हजारांचे ई-व्हाऊचर, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, आणि त्यानंतर पाच टक्के व्याजाने एक लाखाचे पहिले कर्ज. कागदावर हे चांगले आहे. पण हे कर्ज १८ महिन्यांत फेडायचे, म्हणजे महिन्याला पावणेसहा हजारांच्या आसपास हप्ता. या भागात जून ते ऑक्टोबर भात-नागलीची शेती असते, त्यानंतर बरीच कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. विणकामाचा पैसा मधल्या मोजक्या महिन्यांत येतो. हप्ता सुगीला आणि विक्रीच्या हंगामाला जोडला नाही तर कर्ज थकणार आणि दुसऱ्या टप्प्याच्या दोन लाखांचा रस्ता बंद होणार. शिवाय लाभ घरटी एकालाच, आणि बांबूचे काम तर सगळे घर मिळून करते. बहुतेक घरांत नोंदणी पुरुषाच्या नावे होते आणि विणणारी बाई प्रशिक्षणाबाहेर राहते. योजनेची मुदत २०२७-२८ पर्यंत आहे. जिल्हा समितीने निदान विणणाऱ्या स्त्रीच्या नावे नोंदणीचा आग्रह आत्ताच धरावा.

यंत्रांबद्दल स्पष्टच लिहितो. अगरबत्तीच्या काड्यांचे यंत्र हा प्रस्ताव सगळीकडे सुचवला जातो. त्या काडीला टुल्डा जातीचा, लांब पेराचा ईशान्येकडचा बांबू लागतो. आपल्याकडचा मानवेल जाड भिंतीचा, बुंध्याशी जवळजवळ भरीव आणि आखूड पेराचा. गाठी जवळ असल्याने काडी तुटते, नासाडी वाढते, पात्यांची धार जाते. त्यातही पाड्यावर थ्री-फेज वीज नसली तर यंत्र ताडपत्रीखालीच राहते. आधी बांबूची जात आणि विजेची जोडणी बघा, मग यंत्राचे पैसे मंजूर करा.

काम खरे अडते ते बांबू टिकवण्यात. कोवळा, एक-दोन वर्षांचा बांबू सोलायला सोपा, म्हणून तोच आधी तोडला जातो. त्यात पाणी आणि स्टार्च जास्त. वाळताना तो आकसतो, वीण सैल पडते, आणि स्टार्चवर जगणारा भुंगेरा आत शिरतो. दुकानातल्या टोपलीखाली दोन-तीन महिन्यांत पिवळसर पिठी साचते ती त्याचीच. दुकानदार माल परत करतो आणि पुन्हा मागवत नाही. ‘बाजार नाही’ या तक्रारीचे बरेचसे मूळ या पिठीत आहे.

उपाय महाग नाही. बांबू तीन वर्षांपुढचा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तोडलेला हवा. दरवर्षी नव्या काठ्यांवर वेगळ्या रंगाचा पट्टा ओढला की वयाबद्दल वाद उरत नाही. पावसाळ्यात बेट कोंब धरते, तेव्हा कोयता लावूच नये. मग पट्ट्या काढून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवायच्या. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट खोल हौदात सुमारे १७०० लिटर मावते. पट्ट्या रचल्यावर हजारभर लिटर द्रावण पुरते. हजार लिटर पाण्याला ३० किलो बोरॅक्स आणि २० किलो बोरिक ॲसिड, म्हणजे पाच टक्के. दोन्ही आधी गरम पाण्यात विरघळवून घ्यावे, नाहीतर तळाशी खडे बसतात. पट्ट्या तरंगतात म्हणून वर दगडांचे वजन ठेवावे. जी टोके बाहेर राहतात तिथूनच कीड लागते. पातळ पट्टीला तीन दिवस, जाड कामटीला आठवडा, आणि नंतर सावलीत वाळवण. थेट उन्हात टाकल्या तर त्या चिरतात. द्रावण दर खेपेला फिके पडते, ते हायड्रोमीटरने (द्रावणाची घनता मोजणाऱ्या साधनाने) तपासून भर घालावी. भाकरीची टोपली, सूप, कणगी यांना मात्र हे द्रावण अजिबात वापरू नये. अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंचा बांबू उकळून किंवा धुरी देऊन टिकवण्याची जुनी रीतच योग्य.

असा हौद बांधायला नवी योजना लागत नाही. पाच टक्के अबंध निधीत वनउपजीविकेवर खर्च करता येतो, आणि निर्णय ग्रामसभेचा असतो. अडचण अशी की आराखडा करताना बांधकामांची यादी आधी भरते. दोन-चार पाड्यांत मिळून एक हौद, वर पत्र्याची शेड आणि हंगामभर पुरेल एवढा बांबूसाठा, इतका ठराव पुरे. बांबू कुठून आणायचा हेही कायद्याने मोकळे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज (लाकडाखेरीजचे जंगलउत्पन्न) आहे, आणि जंगलावर सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेची समिती वाहतूक परवाना देऊ शकते. जंगलाबाहेर, बांधावर लावलेला बांबू तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही. तरीही नाक्यावर गाडी अडते. वनविभागाने हे नाक्यानाक्यावर मराठीत आणि गुजरातीत फलकावर लिहावे, कारण माल डांग आणि धरमपूरच्या बाजूलाही जातो.

खेळत्या भांडवलाचा प्रश्न याहून अवघड आहे. बाजाराच्या दिवशी बाईला मीठ-तेल घ्यायचे असते, म्हणून व्यापारी देईल त्या भावाला टोपली जाते. बचतगटाच्या संघाकडे माल घेताच रोख देण्याइतका फिरता निधी असेल तरच भाव धरून ठेवता येतो. आदिवासी विकास आयुक्तालय, आदिवासी विकास महामंडळ आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ या तिन्हींची मुख्यालये नाशकातच आहेत. यंत्रांवर जाणाऱ्या रकमेचा काही भाग त्यांनी या फिरत्या निधीकडे वळवावा.

आणि सिंहस्थ तोंडावर आहे. घाटांवर निर्माल्याच्या टोपल्या, फुलांच्या परड्या, आडोशाच्या तट्ट्या लागणारच. ओल्यात राहणाऱ्या वस्तूंवरचे बोरॉन (बोरॅक्स-बोरिक ॲसिडमधला कीडरोधक घटक) पाण्याने धुऊन जाते, त्यामुळे त्यांना प्रक्रियेचा खर्च नको, पक्का बांबू पुरतो. मुख्य स्नाने २०२७ च्या पावसाळ्यात आहेत, म्हणजे वाळवण आणि विणकाम मे अखेर संपायला हवे. त्यासाठी मागणी ऑक्टोबर २०२६ च्या आत कारागिरांच्या हाती पडली पाहिजे. निविदा एकच मोठी न काढता पाचशे-पाचशे नगांचे गट करावेत, उलाढालीची आणि अनामत रकमेची अट काढावी, तीस टक्के आगाऊ द्यावेत. वर्षाला चाळीस लाखांखाली माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा तो क्रमांक मागू नये. आणि माल बोरगाव, हरसूल, पेठ येथे मोजून घ्यावा.

बांबू कारागिरांसोबत काम करणारे काही वाचक,
नाशिक