माझ्या मुलाला त्याचे बाबा पुन्हा आठवू देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आघात आणि शोक सोसणाऱ्या मुलांसाठी तुम्ही घेतलेला गट संपला त्या दिवशी दारात नुसतं 'थँक्यू' म्हटलं, पुढे शब्दच फुटेना. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. वयात येणारं मूल मिटून गेलंय आणि काय करावं सुचत नाही, अशी घरं पुष्कळ आहेत.

अपघात झाला तेव्हा माझा मुलगा बाबांच्या मागेच बसला होता. त्याला खरचटलं, ते गेले. तो रडला नाही याचं सगळ्यांनी कौतुक केलं. 'आता तूच घरातला कर्ता' हे तर येईल तो सांगून जायचा. मला मात्र दिसत होतं, बाबांचा फोटो असलेल्या खोलीत तो पाऊल टाकत नाही. बाहेर करकचून ब्रेक लागला की ताटावरून उठतो. तुम्ही आधी त्याच्याशी एकट्याशी बोललात आणि मग मला म्हणालात, याच्या मनात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात: जे पाहिलं त्याची भीती आणि जे गेलं त्याचं दुःख. बाबा आठवायला गेलं की तो रस्ता आठवतो, म्हणून तो बाबांनाच टाळतो. इतकं नेमकं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

गटातही तुम्ही घाई केली नाहीत. आधी श्वास, झोप, कशाने धडधडतं ते ओळखणं, आणि नको वाटलं तर 'आज नाही' म्हणायची मुभा. मग ज्याने त्याने घडलेलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शोकाचा विषय त्यानंतर, आणि शेवटी पुढच्या आयुष्याचा. १९९२ ते १९९५ च्या युद्धानंतर बोस्नियातल्या शाळांमध्ये असं काम झालं. तिथल्या १२७ विद्यार्थ्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात सगळ्यांना शिकवलेल्या गोष्टींनीही आघाताची लक्षणं कमी झाली होती. पण अडकलेला शोक सैल झाला तो गटात बसलेल्या मुलांचाच. मला हे अगदी पटतं. श्वासाचे व्यायाम मी घरीही करून घेतले असते. पण 'आई, तिथे मला काही समजावून सांगावं लागत नाही' असं तो म्हणाला, ती जागा मी कुठून आणणार होते?

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेत. जिवाला धोका वाटला तरच आईला सांगेन, असं तुम्ही त्याच्यासमोर बजावलंत आणि शब्द पाळलात. आत काय बोलणं झालं ते मला आजही ठाऊक नाही. नसू दे. त्याने तुमच्यावर विश्वास टाकला तो यामुळेच.

परवा जेवताना तो आपणहून म्हणाला, "बाबा गाण्याचे शब्द हमखास चुकवायचे." मग तशाच चुका करत त्याने अख्खं कडवं म्हणून दाखवलं. धाकटी खो खो हसली. तो थांबला नाही, आणखी दोन आठवणी सांगितल्या.

ब्रेकच्या आवाजाने तो अजून दचकतो, पण जागेवरून उठत नाही. बाबांचा वाढदिवस जवळ आलाय. तो दिवस जड जाईल हे तुम्ही सांगून ठेवलंय, त्यामुळे यंदा काय करायचं ते आम्ही तिघं मिळून ठरवतोय. आणि त्याने विचारलंय, नव्या गटातल्या मुलांना भेटायला येऊ का? योग्य वाटलं तर कळवा, मी घेऊन येईन.

तुमची ऋणी,
एक आई