सेवेचे तास बँकेच्या रांगेतही मोजा

महोदय,

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे जमा झाले की बँकेत वयस्कर माणसांची गर्दी होते. ज्येष्ठांना महिन्याला २,००० रुपये मिळतात. कितीतरी घरांचं औषधपाणी त्यावरच चालतं. परवा आमच्या वाळपईत कॉलेजचा एक मुलगा एका आजीची पैसे काढायची स्लिप भरत होता. अंगठा कुठे लावायचा ते त्याने दाखवलं आणि पासबुकावरची शिल्लक अगदी कानाशी वाकून सांगितली, रांगेतल्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला वाटलं नातू असेल, तर तो नुसता वाड्यावरचा निघाला! स्वतःचं काम झाल्यावरही तो आणखी एका आजोबांसाठी थांबला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

२३ जुलै २०२१ ला म्हादई नदीचं पाणी गावांत शिरलं, तेव्हा आमच्या सत्तरी तालुक्यात मदतीला माणसं धावली. संकटात आपली माणसं धावतातच. पण हयातीचा दाखला, बांबोळीच्या गोमेकॉतली (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातली) केस पेपरची रांग, कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, हे रोजचं कोण बघणार? मुलं परदेशात किंवा वेर्ण्याच्या कारखान्यांत कामावर, घरात दोघंच म्हातारी. शेजाऱ्याला हाक मारायलाही त्यांना संकोच वाटतो. बांबोळीला पोचल्यावर ओपीडी कुठे इथपासून सुरुवात. दोडामार्ग-सावंतवाडीहून येणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका.

कॉलेजच्या मुलांसाठीची राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) १९६९ पासून चालू आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते. स्वच्छता मोहीम, वृक्षारोपण, जनजागृती फेरी ही कामं हवीतच, त्याबद्दल दुमत नाही. पण एखाद्या आजीला गोमेकॉत नेऊन आणण्यात मुलाचा अख्खा दिवस जातो. ते तासही सेवेचेच धरावेत, अशी गोव्यातल्या सर्व प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पैशांचा संबंध येतो, म्हणून मुलांनी दोघादोघांनी जावं, ओळखपत्र गळ्यात असावं आणि एटीएमचा पिन कुणीही विचारू नये. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची घरं पंचांना ठाऊक असतात. त्या घरांना विचारून पंचायतीने यादी कॉलेजला दिली, तर येत्या महिन्यापासूनही हे काम सुरू करता येईल.

– एक निवृत्त शिक्षिका, वाळपई-सत्तरी