कागद कोणी दिले, ते आधी विचार

कराड

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

एका शिक्षणसंस्थेच्या कारभाराचे कागद कुणीतरी आणून दिलेत आणि आठवड्यात बातमी लावायची आहे, असं तू फोनवर म्हणालीस. ऐकून अभिमान वाटला आणि धास्तीही वाटली, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या सिनेमात पत्रकाराच्या हाती फाइल लागते आणि पुढच्याच दृश्यात छापखाना धडधडू लागतो. मग मंत्र्याचा राजीनामा आणि नायकाचा जयजयकार. सही खरी आहे का, तारखा जुळतात का, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं घेतलं का, यातलं काहीच दिसत नाही. तुमच्या पिढीने पत्रकार बघितला तो बहुतेक असाच, याची मला खरंच काळजी वाटते.

१९८६चा 'न्यू दिल्ली टाइम्स' मिळवून बघ. शशी कपूर त्यात संपादक आहेत, या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमदाराच्या खुनाचा छडा लावायला तो माणूस जिवावर उदार होतो आणि शेवटी त्याला कळतं, की राजकारण्यांनी आपापसातल्या डावात आपल्यालाच प्यादं केलं. बातमी आपल्यापर्यंत कोण पोचवतंय आणि कशासाठी, हे त्याला फार उशिरा उमगतं. पत्रकाराला जिंकवणाऱ्या कितीतरी सिनेमांपेक्षा मला हा प्रामाणिक वाटतो.

'स्पॉटलाइट' हा इंग्रजी सिनेमाही बघ. मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना चर्च कसं पाठीशी घालतं ते शोधायला बॉस्टन ग्लोब या अमेरिकी वर्तमानपत्राचे बातमीदार चर्चच्या जुन्या वार्षिक याद्या ओळ न् ओळ चाळतात, कोणता धर्मगुरू कोणत्या वर्षी आजारपणाच्या रजेवर दाखवलाय ते टिपून घेतात, दारोदार फिरतात, तोंडावर दारं आपटून घेतात. दोन-चार नावं हाती आली तरी संपादक छापत नाही, सगळी यंत्रणा उघडी पडेपर्यंत थांबायला लावतो.

आणि आपले आगरकर! त्यांचं जन्मगाव टेंभू इथून हाकेच्या अंतरावर. केसरीचे पहिले संपादक ते. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय या कळकळीने त्यांनी आणि टिळकांनी दिवाण बर्व्यांविरुद्ध लिहिलं. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. माफी मागूनही १८८२ साली दोघांना शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्या हेतूबद्दल कोण शंका घेईल? तरीही ती पत्रं खोटीच होती.

म्हणून ते कागद आणून देणाऱ्याचं संस्थेशी काही वाकडं आहे का, ते आधी शोध. मूळ प्रती बघितल्याशिवाय झेरॉक्सवर विसंबू नकोस. संचालकांना प्रश्न लेखी पाठव आणि उत्तराला पुरेसा वेळ दे. संपादक घाई करत असतील तर स्पष्ट सांग, की पडताळणी होईपर्यंत बातमीवर माझं नाव घालू नका. त्यापायी नोकरी गेली तर घरी ये. बाबांशी माझं बोलणं झालंय, त्यांचंही हेच म्हणणं आहे.

तुझी,
आई