भरतीच्या वेळी रोहित पक्ष्यांनी जायचे कुठे?

महोदय,

ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची छायाचित्रे दर हंगामात वृत्तपत्रांतून झळकतात; मात्र भरती चढल्यावर हे पक्षी खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द ओलांडून विसाव्याला जातात, याची चर्चा अभावानेच होते.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही ऐरोलीहून बोटीने खाडीत गेलो. या फेरीची वेळ भरती-ओहोटी पाहूनच ठरवावी लागते, कारण बोटीला पाणी लागते आणि पक्ष्यांना चिखल. (आपण हंगामात या वेळा रोज छापल्यास ऐन भरतीला जाऊन ‘पक्षीच नाहीत’ म्हणत परतणाऱ्यांची संख्या कमी होईल.) पाणी ओसरून तिवरांपुढची चिखलपट्टी उघडी पडू लागली, तसे धाकटे रोहित (लेसर फ्लेमिंगो ही लहान जात) माना खाली घालून, चोच उलटी धरून सूक्ष्म शेवाळ गाळून खाऊ लागले; बारीक कवचधारी जीवही टिपणारे थोरले रोहित (ग्रेटर फ्लेमिंगो ही मोठी जात) जरा खोल पाण्यात उभे होते. कडेने शेकाटे आणि तुतवार यांची लगबग चालली होती.

दुपारी पट्टी पुन्हा बुडाली आणि थवे नेरूळच्या दिशेने उडाले. आम्हीही तिकडे गेलो. तेथील तलावात ते एका पायावर, पंखांत मान खुपसून विसावले होते. काठावर मात्र मोबाइल उंचावून पाण्यापर्यंत उतरणारी माणसे आणि मोकाट कुत्री होती.

२०१५ साली घोषित झालेल्या, सुमारे १७ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मानही, मिळाला. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणारनंतरचे हे राज्यातील तिसरे रामसर स्थळ आहे, याचा अभिमान वाटतो. पण खाण्याची जागा राखली आणि विसाव्याची गमावली, तर दर भरतीला या पक्ष्यांना नुसतेच घिरट्या घालाव्या लागतील. नेरूळचे तलाव काय किंवा उरणजवळचे पाणजे काय, अशा पाणथळ जागांचा जीव खाडीच्या पाण्याच्या ये-जा करण्यात असतो आणि रस्त्याच्या वा भरावाच्या कामात ती वाट बुजायला वेळ लागत नाही.

म्हणून वन विभागाने आणि स्थानिक प्रशासनाने नोव्हेंबरपूर्वी, म्हणजे थवे येण्याआधीच, या तलावांत भरतीचे पाणी येण्याचे मार्ग तपासून मोकळे करावेत आणि काठापासून काही अंतरावर कुंपण घालावे, ही विनंती.

– एक वाचक, मुलुंड