पाळणाघराची फी अडते ती तान्ह्या मुलांपाशी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून तोंडावर आला की पाळणाघराच्या फीवरून पालकांशी बोलाचाली ठरलेली. ‘नुसती मुलं सांभाळायला एवढे पैसे?’ बेळगावातल्या वडगावात पाळणाघर सुरू केल्यापासून मी हे ऐकते आहे. विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. मागावर राबणारी किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जाणारी आई, तिला महिन्याचे शंभर रुपये वाढले तरी जड जातात. पण हे पैसे जातात कुठे, ते तिला कुणीतरी सांगायला हवे.

ते जातात मुले सांभाळणाऱ्या मावशींच्या पगारात. आणि मावशी किती लागणार हे मुलांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वयावर ठरते. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालसंगोपन धोरणात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठे माणूस असावे, असे म्हटले आहे. मला विचाराल तर तान्ह्यांसाठी दहा हा आकडासुद्धा फार झाला. आमच्या मावशी एका मांडीवर बाळाला घेऊन बाटली पाजतात, पायाने झोळीला झोका देतात, आणि तेवढ्यात तिसऱ्याने दुपटे ओले केलेले असते. हात दोनच.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ३२ मुले होती. तान्ही आणि रांगती ५, चालती ८, तीन ते चार वर्षांची ११ आणि त्याहून मोठी ८. शाळेसारखे वर्ग हवेत असा काही पालकांचा आग्रह पडला, आम्हालाही ते पटले. चार खोल्या, चार तुकड्या, चार मावशी. मोठ्या आठ मुलांना एक अख्खी मावशी, ज्या वयाची वीस मुले ती सांभाळू शकते. त्यात एखादी मावशी आजारी पडली की ती खोली उघडी कशी ठेवणार? म्हणून पाचवी बदलीला. फी वाढवावी लागली, आणि मागावरच्या दोन आयांनी मुले काढून घेतली. त्यातले एक मूल मी नंतर पाहिले. मागाच्या खडखडाटात, सुताच्या धुळीत, टोपलीत निजलेले होते. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही दोनच गट केले. तीन वर्षांखालच्या मुलांना दोन मावशी. वरच्यांना एक. सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर मुले थोडी असतात, तेव्हा सगळी एकत्र. चार वर्षांची एक कन्नड घरातली मुलगी संध्याकाळी मराठी घरातल्या बाळाची झोळी हलवत ‘जो जो’ म्हणते. जो जो दोन्हीकडे एकच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात चालवली, त्यामागचा विचार मला तेव्हा नीट कळला.

तरी सगळी मुले दिवसभर एकत्र ठेवून मावशी कमी करा, असे मी कधीच म्हणणार नाही. मोठ्या मुलांनी खेळून टाकलेला चिंचोका एकदा रांगत्या बाळाच्या तोंडात गेला होता. मावशीने बोट घालून काढला म्हणून निभावले. त्या दिवसापासून एकत्र बसायच्या वेळी आधी जमीन झाडायची आणि बारीक खेळणी वर ठेवायची, हा नियम आहे.

खरी अडचण जूनमध्ये येते. मोठ्यांच्या फीतून तान्ह्यांच्या मावशीचा पगार निघतो, कारण बाळाच्या आईकडून दुप्पट फी कोणत्या तोंडाने मागायची? पण तीन वर्षे झाली की मूल कॉन्व्हेंटच्या नर्सरीत, नाहीतर चार झाली की सरकारी एलकेजीत जाते. दुपारनंतर आले तर अर्धी फी देते. आमच्याकडे उरतात तान्ही आणि चालती. पटसंख्या घटते, मावशी मात्र तेवढ्याच लागतात.

केंद्र सरकारच्या पाळणाघरांसाठीच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले येतात आणि २५ मुलांमागे एक सेविका, एक मदतनीस धरलेली आहे. त्या पंचवीसमध्ये पंधरा तान्ही असली तरी माणसे तेवढीच. अनुदान वयाप्रमाणे द्यावे, तीन वर्षांखालच्या मुलामागे जास्त. आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी हे बेंगळूरला आणि दिल्लीला मांडावे.

दुसरे, मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि ती इतरांबरोबर मिळून करायची मुभाही दिली. उद्यमबागेतल्या कारखानदारांनी ही मुभा वापरावी. लहान कारखाने कायद्यात बसत नसले तरी त्यांनीही त्यात यावे. एका कारखान्यातली चार बाळे म्हणजे एक मावशी अर्धी रिकामी. तीन कारखान्यांतली मिळून दहा झाली, तर तिचा पगार दहा बाळांमागे वाटला जातो.

येत्या जूनसाठी आमच्याकडे सहा नवी बाळे सांगून ठेवली आहेत, आणि सात मोठी मुले शाळेत चालली आहेत. एक मावशी वाढवायलाच हवी. फीचा आकडा अजून मी पाटीवर लिहिलेला नाही.

आपली,
एक पाळणाघर चालक,
वडगाव, बेळगाव