भांडी मोडीत देऊ नको

प्रिय सुमे,

तुझा मेसेज वाचला, साताऱ्याचं घर रिकामं करतेयस आणि माळ्यावरची भांडी किलोवर देणारायस म्हणे, अगं थांब की जरा! फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसले.

मी मातीच्या प्लेटा करते ते तुला माहितीय, पण चाकावर नाही, साच्यावर, आणि साचे म्हणजे जुन्या बाजारातल्या पराती, ताटल्या, काचेची झाकणं, असलंच सगळं. माती पोळीसारखी लाटायची, दोन्ही बाजूंना सारख्या पट्ट्या ठेवायच्या म्हणजे जाडी सगळीकडं सहा मिलिमीटरच्या आसपास राहते, आणि मग ती भांड्यात बसवायची. स्टील, पितळ, काच पाणी शोषत नाही त्यामुळं माती चिकटून बसते, म्हणून मध्ये कॉर्नफ्लॉवर भुरभुरवायचा नाहीतर जुन्या लुगड्याचं पातळ कापड घालायचं. मला भांड्याच्या आत बसवलेलीच बरी वाटते, कारण माती वाळताना आकसते आणि आपोआप कडेपासून सुटते. पालथ्या भांड्यावर घातली तर उलटं होतं, ती आकसून भांड्यालाच आवळते आणि तडकते, म्हणून जरा घट्ट झाली की लगेच उतरवायची. वाळवण मात्र सावकाश, घाई केली की कडा वर उचलतात. भट्टीतनं निघेपर्यंत दहा इंची ताटलीची प्लेट नऊ इंचांवर येते. माझी माती स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजून दगडासारखी टणक होणारी, पहिली भाजणी हजार डिग्रीच्या आसपास आणि ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, लावल्यावर बाराशेच्या वर. जेवायच्या प्लेटला ग्लेझ बिनशिशाचंच हवं, त्यात तडजोड नाही.

आता तुझ्या भांड्यांचं. आजींची ती ठोक्याची परात आठवतीय? कापड न घालता नुसत्या कॉर्नफ्लॉवरवर माती दाबली तर हातोडीचा एकेक ठोका प्लेटच्या पाठीवर उमटतो, नव्या गुळगुळीत भांड्यात हे मिळतच नाही. आणि मुख्य म्हणजे भांड्यांवर घातलेली नावं! आजींचं नाव, काकूंचं, लग्नाची तारीख. त्या अक्षरांवर मातीचा छोटा गोळा दाबला की नाव उलटं आणि उठावाचं येतं, तो गोळा वाळवून भाजला की झाला शिक्का, आणि तो ओल्या प्लेटवर मारला की नाव परत सुलटं, अगदी त्याच अक्षरात. असा शिक्का एकदा झाला की तुझ्या लेकीच्या प्लेटांवरसुद्धा पणजीचं नाव मारता येईल गं.

२०१९ च्या पुरानंतर सांगलीत घराघरातनं चिखलानं भरलेली भांडी ढिगानं भंगारात गेली, तेव्हापासून मला मोडीची गाडी बघवत नाही. पितळेला भाव मिळतो, कबूल, पण आजींच्या नावाला भंगारवाला काय भाव देणाराय?

तर असं कर, पसरट आणि उथळ भांडी बाजूला काढ, तोंड आवळलेले तांब्या-लोटे साच्याला चालत नाहीत, त्यातनं माती बाहेर येत नाही. पण त्यांच्यावर नाव असेल तर तेही ठेव. पोचे गेलेली चालतात, चीर गेलेलीसुद्धा. आणि विणलेले क्रोशाचे रुमाल असतील तर तेही टाकू नको, मातीवर लाटण्यानं दाबले की मस्त नक्षी येते. भंगारवाल्याला पुढच्या आठवड्यात ये म्हणावं, मी शनिवारी गाडी घेऊन येते.

तुझीच,
वैशू